पोत्यावरचे आकडे, बाटलीवरची अक्षरे

मेहकर (प्रतिनिधी) : मृगाच्या तोंडावर मेहकर, लोणार परिसरातील कृषी केंद्रांत सोयाबीनचे बियाणे आणि खते यांसाठी गर्दी होते. नोकरीनिमित्त शहरात राहून गावाकडची शेती सांभाळणारेही याच दिवसांत खरेदीस येतात. मात्र पिशवीवरील सांकेतिक अक्षरांचा उलगडा न झाल्याने दुकानदार सांगेल तोच माल घेतला जातो. वास्तविक हे संकेत समजण्यास अत्यंत सोपे आहेत.

बियाणे : वाणाच्या नावातील अक्षरे बहुधा त्याचे माहेर सांगतात. 'जेएस ३३५' म्हणजे जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचे 'जवाहर सोयाबीन'. 'एमएयूएस ७१' हे परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाचे, तर 'केडीएस ७२६' हे राहुरी विद्यापीठाच्या सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रज येथील केंद्राचे. पिशवीवरील खूणचिठ्ठीचा रंगही बोलका असतो. पैदासकार बियाण्यास पिवळी, पायाभूत बियाण्यास पांढरी, प्रमाणित बियाण्यास निळी आणि सत्यतादर्शक बियाण्यास हिरवी चिठ्ठी असते. सोयाबीनची उगवणशक्ती किमान ७० टक्के असावी, असा दंडक आहे.

खत : पोत्यावरील तीन आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद व पालाश यांचे शेकडा प्रमाण दर्शवितात. चौथा आकडा असल्यास तो बहुधा गंधकाचा असतो. १०:२६:२६ च्या ५० किलोंच्या पोत्यात ५ किलो नत्र आणि प्रत्येकी १३ किलो स्फुरद व पालाश मिळते. डीएपी म्हणजे १८:४६:०. त्यात ९ किलो नत्र व २३ किलो स्फुरद असते, पालाश मुळीच नसते. २०:२०:०:१३ मध्ये साडेसहा किलो गंधक असते व ते तेलबियांना उपयुक्त ठरते.

हा हिशेब टंचाईच्या काळात कामी येतो. १६ टक्के स्फुरद असलेल्या सिंगल सुपर फॉस्फेटची तीन पोती २४ किलो स्फुरद देतात. त्यांस सुमारे २० किलो युरियाची जोड दिली, की डीएपीच्या एका पोत्याइतके नत्र व स्फुरद भरून निघते. गंधक मिळते ते वेगळेच. २०२२ पासून अनुदानित खते 'भारत' या एकाच नावाच्या, सारख्या दिसणाऱ्या पोत्यांत येऊ लागल्याने आकडे वाचण्याचे महत्त्व अधिकच वाढले आहे.

कीटकनाशक : 'क्विनॉलफॉस २५ ईसी' यातील २५ हे मूळ विषाचे शेकडा प्रमाण होय. 'ईसी' म्हणजे पाण्यात मिसळताच दुधाळ होणारे तेलकट द्रावण. 'डब्ल्यूपी' म्हणजे पाण्यात कालवण्याची भुकटी. 'एससी' म्हणजे दाट प्रवाही. बाटलीवरील त्रिकोण विषारीपणा दर्शवितो. लाल त्रिकोण अतितीव्र, पिवळा तीव्र, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य विष सुचवितो. चिठ्ठीचा हिरवा रंग आणि त्रिकोणाचा हिरवा रंग यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. तसेच हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक औषध, असाही अर्थ नव्हे.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीत विषबाधा होऊन किमान वीस जणांचा बळी गेला. त्रिकोणाचा अर्थ फवारणाऱ्या मजुरालाही समजावून सांगणे, हे म्हणूनच शेतमालकाचे कर्तव्य ठरते. खरेदीची पक्की पावती घ्यावी, तीवर लॉट क्रमांक नोंदवून घ्यावा आणि पिशवी चिठ्ठीसह हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावी. बियाणे न उगवल्यास तक्रारीच्या वेळी हाच पुरावा उपयोगी पडतो.