पाना कुठून लावणार?

१९९४ साली हिंदीत आलेला ‘जुरासिक पार्क’ आम्हा नगरकरांनीही डोळे विस्फारून पाहिला. त्यातले धावणारे डायनासोर ज्या जातीच्या संगणकांवर घडले, तसाच एक संगणक मी दोन वर्षांनी पुण्याजवळच्या एका कारखान्यात पाहिला. त्या निळसर पेटीने माझी झोप उडवली.

मी तेव्हा अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, एमआयडीसीत ड्राफ्ट्समन होतो. ड्रॉइंग बोर्ड, ट्रेसिंग पेपर, शाईचे पेन आणि चूक खरवडायला ब्लेड, ही आमची हत्यारे. मी काढलेले एका ब्रॅकेटचे ड्रॉइंग तिथल्या तरुण इंजिनिअरने संगणकावर घनाकृती करून उभे केले, माऊसने फिरवले आणि विचारले, ‘काका, या बोल्टला पाना कुठून लावणार?’ पाना शिरायला जागाच नव्हती. वरून, समोरून, बाजूने अशा तिन्ही चित्रांत मला ते दिसले नव्हते.

चित्र फिरवायचे तर त्यातल्या प्रत्येक बिंदूची जागा नव्याने मोजावी लागते. दर खेपेला हजारो गुणाकार! साध्या संगणकाची तिथे दमछाक होई. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जिम क्लार्क यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला नेमके हेच गणित करणारी चिप तयार केली आणि ‘सिलिकॉन ग्राफिक्स’ ही कंपनी काढली. १९८४ मध्ये तिचे वर्कस्टेशन आले. मोटारी, विमाने, चित्रपट, सगळीकडे ही यंत्रे पोहोचली. किंमत मात्र आमच्यासारख्या लहान कारखान्याच्या आवाक्याबाहेरची.

भरभराटीतच उतरणीची बीजे होती. १९९२ मध्ये कंपनीने चित्रे रेखाटण्याची आपली पद्धत ‘ओपनजीएल’ या नावाने इतरांनाही खुली केली. १९९५ मध्ये साध्या विंडोज संगणकावर चालणारे ‘सॉलिडवर्क्स’ आले. पाठोपाठ १९९६ मध्ये ‘व्हूडू’ आणि १९९९ मध्ये ‘जीफोर्स’ ही ग्राफिक्स कार्डे निघाली, तीही खेळांसाठी! खेळणारे लाखो, म्हणून कार्डे स्वस्त. आणि खप मोठा, म्हणून सुधारणा झपाट्याने. महागडी यंत्रे थोडक्यांना विकणाऱ्या कंपनीला ही शर्यत झेपली नाही. २००६ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. २००९ मध्ये ती विकली गेली.

आमच्याकडे संगणक आला तो असाच, साधी पेटी आणि आत एक कार्ड. पंचेचाळिशीत मी माऊस धरायला शिकलो. माझ्या दोन सोबत्यांना ते जमले नाही. ते घरी बसले. त्यातल्या एकाचे अक्षर छापल्यासारखे होते.

पुढे त्या कारखान्यात गेलो, तेव्हा निळसर पेटी जिन्याखाली भंगारात पडली होती. तिची विद्या मात्र टेबलाटेबलावर पोहोचली होती. ग्राफिक्ससाठी घडलेल्या चिपांच्या वंशातल्या चिपा आज कृत्रिम बुद्धिमत्तेचे गणित करतात. यंत्रे बदलली, तरी कामावर येणाऱ्या नव्या मुलाला मी पहिला प्रश्न तोच विचारत आलो, ‘बाळा, पाना कुठून लावणार?’