द्रवात दूर लोटणारे ‘कॅसिमिर बल’

निगडी - धातूच्या दोन पृष्ठभागांमध्ये तेलाचा थर असला, की झीज टळते, हे निगडीहून तळवडेमार्गे चाकणच्या कारखान्यांत जाणाऱ्या कामगारांना ठाऊक असते. मोटारीच्या एअरबॅगला धडकेची सूचना देणाऱ्या संवेदकातील सिलिकॉनचे हलणारे भाग मात्र इतके सूक्ष्म असतात, की तेथे वंगणाचा हा उपाय चालत नाही. ते एकमेकांना चिकटले, तर संवेदक निकामी होतो. अशा सूक्ष्म यंत्रांतील चिकटण्यामागचे एक कारण म्हणजे कॅसिमिर बल. योग्य द्रव निवडल्यास हेच बल वस्तूंना दूरही लोटते.

बलाचे मूळ
हॉलंडमधील फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेतील हेंड्रिक कॅसिमिर यांनी १९४८ मध्ये या बलाचे भाकीत केले. पुंजयामिकीनुसार (क्वांटम सिद्धान्त) निर्वात पोकळीतही विद्युतचुंबकीय स्पंदने चालू असतात. दोन धातुपट्ट्यांमधील अरुंद फटीत त्यांपैकी ठराविक स्पंदनांनाच वाव मिळतो आणि पट्ट्या जवळ ओढल्या जातात. फट १० नॅनोमीटर असेल, तर आदर्श पट्ट्यांवरील हा दाब सुमारे एका वातावरणाइतका भरतो.

आकर्षणाचे प्रतिकर्षण
फटीत द्रव असल्यास काय होईल, याचा सिद्धान्त द्झ्यालोशिन्स्की, लिफशिट्झ व पिताएव्स्की या रशियन शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये मांडला. द्रवाचे विद्युत गुणधर्म दोन्ही पदार्थांच्या दरम्यानचे असतील, तर बलाची दिशा उलटते. पाणी लाकडाखाली शिरून त्याला वर उचलते, तसाच काहीसा हा प्रकार. एका पदार्थाला समोरच्या पदार्थापेक्षा द्रवाचे आकर्षण अधिक असते. म्हणून द्रव मध्ये घुसतो आणि दोघांना दूर सारतो.

जेरेमी मंडे, फेडेरिको कपासो व एड्रियन पार्सेगियन यांनी २००९ मध्ये हे प्रयोगाने दाखवले. सोन्याचा मुलामा दिलेली, सुमारे ४० मायक्रोमीटर व्यासाची गोळी त्यांनी ब्रोमोबेन्झीन या द्रवात सिलिकाच्या पट्टीजवळ नेली. ती दूर लोटली गेली. पट्टी सोन्याची असताना मात्र आकर्षणच आढळले.

उपयोग आणि मर्यादा
२०१९ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी टेफ्लॉनचा थर दिलेल्या सोन्यावर, एथेनॉलमध्ये, सोन्याची सूक्ष्म चकती ठराविक अंतरावर तरंगत ठेवली. जवळून प्रतिकर्षण आणि दुरून आकर्षण असा तो समतोल होता. घर्षणविरहित सूक्ष्म बेअरिंगची आशा यातूनच निर्माण होते.

तथापि, समोरासमोरचे दोन्ही भाग एकाच पदार्थाचे असतील, तर कोणताही द्रव वापरला तरी आकर्षणच राहते. त्यामुळे सिलिकॉनवर सिलिकॉन असलेल्या संवेदकात नुसता द्रव भरून भागणार नाही. एका बाजूचा पदार्थच बदलावा लागेल.