जात चोरली कुणी? बाबुराव बागुलांच्या कथेचे आशयसूत्र लिहिताना

दर रविवारी आम्ही वस्तीतल्या विहारात मुलांचा अभ्यासवर्ग घेतो. मागे बी.ए.ला असलेली एक मुलगी तिचा निबंध दाखवायला घेऊन आली. विषय होता बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेचे आशयसूत्र. तिने लिहिले होते की, खोटे फार काळ टिकत नाही, जात लपवली की शेवटी अपमानच पदरी पडतो, हे या कथेतून लेखकाला सांगायचे आहे. भाषा शुद्ध होती, अक्षर सुंदर होते. पण हीच मुलगी शहरात शिकायला गेली तेव्हा घरमालकिणीला आडनाव सांगताना अडखळली होती. ते तिनेच आम्हाला सांगितले होते. म्हणजे ज्या माणसाच्या जागी ती स्वतः उभी राहिली होती, त्यालाच तिने निबंधात गुन्हेगार ठरवून टाकले होते.

दोष तिचा नाही. कथा म्हणजे बोधकथा आणि आशयसूत्र म्हणजे तात्पर्य, हे आपल्याला शाळेपासून शिकवले जाते. ससा-कासवाच्या गोष्टीला ते चालते. बागुलांच्या कथेला ते लावले की मार खाणाराच चुकलेला ठरतो. म्हणून या एका कथेच्या निमित्ताने, आशयसूत्र शोधायचे म्हणजे काय करायचे, हे बोलले पाहिजे.

पहिली गोष्ट, विषय आणि आशयसूत्र एक नव्हे. 'जात' हा विषय झाला. जातीबद्दल ही कथा नेमके काय म्हणते, ते आशयसूत्र. ते एका पूर्ण वाक्यात सांगता आले पाहिजे आणि ते कथेतल्या घटनांवरून सिद्ध करता आले पाहिजे.

कथा थोडक्यात अशी. मुंबईचा एक दलित तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी सुरतेकडे जातो. खोलीची चौकशी करताना रणछोड त्याला जात विचारतो. तो जात सांगत नाही. उलट नव्या भारताचा माणूस म्हणून तो अशा ताठ्यात बोलतो की विचारणाराच वरमतो. खोली मिळते. तो कविता करतो म्हणून तिवारी नावाचा सवर्ण सहकारी त्याला घरी जेवायला नेतो. त्याच ठिकाणी काशिनाथ हा दुसरा महार तरुण आहे. तो जात लपवत नाही, अपमान झाला की अंगावर धावून जातो. शेवटी नायकाची जात उघडी पडते. जमाव त्याला मारतो. काशिनाथ चाकू घेऊन मध्ये पडतो आणि त्याला सोडवतो. आपल्याला त्या लोकांनी मारलेच नाही, मनूने मारले, असे नायक काशिनाथला म्हणतो.

आता इतिहास पाहू. हा कथासंग्रह १९६३ सालचा. संविधान लागू होऊन तेरा वर्षे झाली होती. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली होती. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने, अस्पृश्यतेच्या कारणावरून राहती जागा घेण्यास किंवा तिथे राहण्यास अडवणे हा गुन्हा ठरवला होता. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात गुन्हेगार होता जातीवरून खोली नाकारणारा. गल्लीच्या न्यायात मात्र गुन्हेगार ठरला खोली मागणारा. ही उलटापालट लक्षात घेतली नाही तर कथेचे शीर्षकच कळणार नाही. खुद्द बागुलांनी सुरतेत रेल्वेची नोकरी केली होती आणि जागेसाठी जात लपवण्याची वेळ त्यांच्यावरही आली होती.

त्याच्याही मागे जा. १९१७ साली बाबासाहेब अमेरिका-इंग्लंडहून परतून बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. शहरात राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी सरायीत, नोंदवहीत पारशी नाव घालून, त्यांना राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले. त्या संध्याकाळपर्यंत जागा सोडावी लागली. ओळखीच्या एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे आसरा मिळाला नाही. मग बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या माणसाची ही गत. १९१७ ते १९६३ ही ४६ वर्षे झाली. राज्य बदलले, कायदा बदलला. खोलीच्या दारातला प्रश्न तसाच राहिला.

आता शीर्षकातला 'चोरली' हा शब्द घ्या. चोरी दुसऱ्याच्या वस्तूची होते. जात तर त्याची स्वतःची, जन्माने गळ्यात अडकवलेली. मग त्याने चोरले काय? जमावाच्या दृष्टीने त्याने माणूस म्हणून मिळणारी वागणूक चोरली : खोली, शेजार, पंगत. जे त्याच्या हक्काचे होते तेच घेतले म्हणून तो चोर ठरला. शब्द आरोपीचा आहे, पण शीर्षक आरोप करणाऱ्यांवर उलटते. मराठीत या क्रियापदाला आणखी एक छटा आहे. आपण अंग चोरून बसतो, नजर चोरतो. अंग चोरून बसणे म्हणजे काय, हे आपल्या आज्या-पणज्यांना कुणी शिकवावे लागले नाही. जेरी पिंटो यांच्या २०१८ च्या इंग्रजी अनुवादात शीर्षक 'व्हेन आय हिड माय कास्ट' असे आहे. तिथे जात फक्त लपते. मराठीत ती चोरली जाते आणि अंगही चोरायला लावते. निबंध मराठीत लिहिणाऱ्याने हा फायदा सोडू नये.

खरा वाद शेवटाचा आहे. मनूने मारले, हे ऐकून पुष्कळ जण लिहितात की नायक क्षमाशील आहे, कथा मानवतावादी आहे. मला हे पटत नाही. तिवारीकडे पाहा. तो दुष्ट म्हणून येत नाही. त्याने प्रेमाने ताट वाढून दिले. तरी नायकाची जात कळली आणि ते सारे प्रेम आटले. म्हणजे माणसे सुधारली की जात जाईल, एवढे सोपे हे नाही. १९३६ च्या 'जातिभेद निर्मूलन' या भाषणात बाबासाहेबांनी हेच मांडले होते : हिंदू जात पाळतात ते ते क्रूर आहेत म्हणून नव्हे, धर्मश्रद्ध आहेत म्हणून. तेव्हा लढा घ्यायचा तो त्या शास्त्रांच्या प्रामाण्याशी. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली ती याच कारणासाठी. नायकाचे शेवटचे बोलणे या परंपरेतले आहे. तो शत्रूचा पत्ता सांगतो, माफी देत नाही.

इथे एक आक्षेप येईल. काठी मनूने उचलली नाही, रणछोडच्या लोकांनी उचलली. सगळे मनूवर ढकलले तर मारणारे सुटतात. समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हा आक्षेप रास्त वाटतो. पण बागुलांनी त्याचे उत्तर कथेतच ठेवले आहे. त्याचे नाव काशिनाथ. तो चाकू घेऊन आला नसता तर मनूचे विश्लेषण करायला नायक जिवंत राहिला नसता. आणि नुसता चाकू असता तर उद्या पुन्हा तोच जमाव आला असता. प्रतिकाराशिवाय विचार मार खातो आणि विचाराशिवाय प्रतिकार एकटा पडतो. माझ्या मते या कथेचे आशयसूत्र हे आहे : माणुसकी हक्काने मागणाऱ्याला ही व्यवस्था चोर ठरवते, आणि ती मोडायला काशिनाथचे धैर्य आणि नायकाची समज दोन्ही लागतात.

तुमचे वाक्य वेगळे असू शकते. अट एवढीच की ते कथेतून काढलेले असावे. आपली मुले कधी कधी उलटी चूक करतात. बाबासाहेबांची दोन वचने सुरुवातीला, दोन शेवटी, आणि कथा मध्ये चेंगरलेली. बाबासाहेब स्वतः पुराव्याशिवाय बोलत नसत. आपणही रणछोडचा प्रश्न, तिवारीचे ताट, काशिनाथचा चाकू असे पुरावे मांडले पाहिजेत.

त्या मुलीने निबंध पुन्हा लिहिला. पहिलेच वाक्य होते : या कथेत चोरी झाली आहे, पण नायकाने केलेली नाही. पुढे दोन पाने तिने ते सिद्ध केले. तिला गुण किती मिळाले ते मी विचारले नाही. पुढच्या खेपेला खोली शोधताना मात्र तिने आडनाव पूर्ण सांगितले. खोली तिसऱ्या घरी मिळाली.

जय भीम!