एल आकाराच्या हॉलमध्ये होम थिएटरचे स्पीकर कुठे ठेवायचे?

होम थिएटरच्या खोक्यात जो कागद येतो त्यावरचा हॉल नेहमी चौकोनी असतो. मधोमध सोफा, समोर टीव्ही, पाच स्पीकर पाच जागी. खारघरच्या टू बीएचकेमध्ये असा हॉल मिळाला तर नशीबच म्हणायचं. इथे हॉलला एका बाजूने डायनिंग चिकटलेलं असतं, दुसरीकडे बाल्कनीची सरकती काच असते आणि तिसरीकडून बेडरूमचा पॅसेज निघतो. माझाही हॉल असाच आहे: १६ फूट लांब, १० फूट रुंद, आणि सोफ्यामागची भिंत डावीकडे मध्येच संपून तिथून डायनिंगचा कोनाडा सुरू होतो. म्हणजे उजव्या मागच्या स्पीकरला भिंत आहे, डाव्याला नाही.

अशा खोलीत बरेच जण डावा स्पीकर जिथे खिळा मिळेल तिथे, म्हणजे थेट डायनिंगच्या लांबच्या भिंतीवर लावतात. मग सिनेमात पाऊस फक्त उजव्या कानाशी पडतो आणि २५-३० हजारांचा सेट टीव्हीच्या स्पीकरपेक्षा थोडा मोठा वाजतो, एवढंच.

खोली नाही, सीट मोजा

एक गोष्ट पक्की धरून चाला. अंतर रिमोटने सुधारता येतं, कोन सुधारता येत नाही. आवाज साधारण १ मीटर जायला ३ मिलिसेकंद घेतो. एक स्पीकर जवळ आणि दुसरा लांब असेल, तर रिसीव्हर जवळच्याचा आवाज तेवढा उशिरा सोडतो आणि लांबच्याचा थोडा वाढवतो. पण बाजूला हवा असलेला स्पीकर समोर लागला असेल, तर कुठलंही सेटिंग त्याला बाजूला नेत नाही. ऑडिसी, वायपीएओ अशा माइक लावून होणाऱ्या ऑटो सेटिंगलाही हे जमत नाही.

म्हणून भिंती विसरायच्या आणि मुख्य सीट ठरवायची. (घरात बाबांची खुर्ची ठरलेली असेल तर वाद घालू नका, तीच मुख्य सीट.) त्या सीटवरून टीव्हीचा मध्य म्हणजे शून्य अंश. ५.१ साठी पुढचे दोन स्पीकर दोन्ही बाजूंना २२ ते ३० अंशांवर आणि मागचे दोन ११० अंशांच्या आसपास येतात. ११० म्हणजे कानाच्या सरळ रेषेपेक्षा जरा मागे. पार पाठीमागे नाही.

कोन मोजायला फोनचं कंपास ॲप वापरू नका. स्पीकरमधल्या चुंबकामुळे त्याची सुई भरकटते. साधा दोरा बेस्ट. ३० अंशांसाठी सीट, डावा आणि उजवा स्पीकर यांच्यातली तिन्ही अंतरं सारखी ठेवा. माझ्याकडे ती ८ फूट आली. ११० साठी कानापासून सरळ बाजूला दीड मीटर जा, तिथून साधारण ५५ सेंमी मागे. तीच जागा.

सोफा एक फूट पुढे

इथे एल आकारापेक्षा मोठी अडचण येते ती भिंतीला टेकलेल्या सोफ्याची. डोकं भिंतीपासून जेमतेम ३० सेंमीवर असतं, मग ५५ सेंमी मागे जाणार कुठे? सोफा एक फूट पुढे ओढला की डोक्यामागे ६० सेंमी जागा होते आणि मागचे स्पीकर ११० अंशांवर नीट बसतात. शिवाय भिंतीलगत बेस फुगून घुमतो, तोही कमी होतो. १० फुटी हॉलमध्ये एक फूट सोडणं जिवावर येतं हे मान्य, घरच्यांना तर अजिबात पटत नाही. पण फुकटात होणारी यापेक्षा मोठी सुधारणा मला माहीत नाही.

मग डावा स्पीकर. माझा डायनिंगच्या तोंडाशी स्टँडवर आहे, कोन तोच, फक्त अंतर जास्त: उजवा कानापासून १.६ मीटर, डावा २.२ मीटर. फरक ६० सेंमीचा, म्हणजे पावणेदोन मिलिसेकंद आणि आवाजात सुमारे ३ डेसिबल. रिसीव्हरमध्ये दोन्ही अंतरं भरली आणि टेस्ट टोन लावून डाव्याचा आवाज वाढवून उजव्याच्या बरोबरीला आणला. साउंडबारबरोबर येणाऱ्या मागच्या स्पीकरना बऱ्याचदा अंतराचं सेटिंग नसतं, फक्त आवाजाचं असतं. तिथे दोन्ही स्पीकर शक्य तितक्या सारख्या अंतरावर ठेवा. आणि ‘वायरलेस’ शब्दाला भुलू नका, त्यांनाही प्लग लागतो. डायनिंगच्या बाजूला प्लग पॉइंट आहे का ते खरेदीआधी बघा.

भाड्याचं घर असेल आणि मालक भिंतीला ड्रिल लावू देत नसेल, तरी बिघडत नाही. स्टँड घ्या, वायर चिकटणाऱ्या केसिंग पट्टीतून स्कर्टिंगच्या कडेने न्या. घरातल्या अंतरांना १६ गेजची वायर पुरते.

संवाद ऐकू येत नाहीत?

‘गाणी मोठी आणि बोलणं बारीक’ ही तक्रार घरोघरी असते. सिनेमातले बहुतेक संवाद सेंटर स्पीकरमधून येतात आणि तो बिचारा टीव्ही युनिटच्या खणात कोंबलेला असतो. त्याला खणाबाहेर, फळीच्या अगदी कडेला आणा आणि तोंड कानाकडे जरा वर करा. तरी आईला ऐकू येत नसेल, तर सगळ्याचा आवाज न वाढवता फक्त सेंटरचा २-३ डेसिबल वाढवा.

माझा पुढचा उजवा स्पीकर बाल्कनीच्या काचेजवळ येतो. काच आवाज परत फेकते, त्यामुळे सिनेमा बघताना तिथला जाड पडदा ओढलेला बरा. डाव्या बाजूला जवळ भिंतच नाही, म्हणून दोन्ही स्पीकर थोडे सीटकडे वळवून ठेवले आहेत.

सबवूफर: इथे रांगावं लागतं

बेसच्या लाटा लांब असतात आणि भिंतींमध्ये अडकतात. १६ फूट लांबीत साधारण ३५ हर्ट्झला आणि १० फूट रुंदीत ५६ हर्ट्झला खोली स्वतःच घुमते. चौकोनी खोलीत याचा अंदाज गणिताने येतो. एल आकारात लाट डायनिंगमध्येही शिरते आणि गणित बिघडतं. त्यामुळे सरळ उपाय: सबवूफर उचलून सोफ्यावर मुख्य सीटवर ठेवा, बेस असलेलं एखादं गाणं लूपवर लावा आणि तुम्ही जमिनीवर रांगत फिरा. जिथे बेस दणदणीत नाही तर स्वच्छ, सलग ऐकू येतो, ती सबवूफरची जागा. कोपऱ्यात तो सर्वांत जोरात वाजतो, पण जोरात म्हणजे चांगला नाही. साउंड मीटरचं ॲप जोडीला ठेवा. फोनचा माइक खरा आकडा देईलच असं नाही, पण एकाच फोनवर दोन जागांची तुलना करायला चालतो. रिसीव्हरमध्ये क्रॉसओव्हर ८० हर्ट्झपासून सुरू करा.

वर उडणाऱ्या आवाजाचे, म्हणजे ॲटमॉसचे छताकडे तोंड असलेले स्पीकर घेणार असाल तर आधी वर बघा. त्यांना सपाट छत लागतं. हॉल आणि डायनिंगच्या मध्ये बीम उतरलेली असेल किंवा पीओपीचे कंगोरे असतील, तर आवाज नीट परतत नाही. तिथे माझं मत स्पष्ट आहे: ते पैसे चांगल्या सबवूफरमध्ये घाला. सेक्टर ३६ च्या स्वप्नपूर्तीसारख्या सिडकोच्या लहान घरात तर मी मागचे स्पीकरही सोडून देईन आणि पुढचे तीन व एक छोटा सबवूफर घेईन.

राहिला शेजारी. बेस कानापेक्षा स्लॅबमधून जास्त प्रवास करतो, म्हणून सबवूफरखाली जाड रबर पॅड ठेवा. निवासी भागात आवाजाची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे; रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रिसीव्हरमधला नाइट मोड मोठे धमाके दाबतो आणि बारीक बोलणं वर आणतो. दहानंतर तो चालू करा, सबवूफर ५-६ डेसिबल खाली घ्या.