आड, नळ आणि नागरिक

न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून गावोगावी ज्ञानाची ही सत्रे चैत्र-वैशाखात भरत आली आहेत. विहिरींनी तळ दाखवण्याचा काळही नेमका हाच. तेव्हा या दिवसांत जमलेल्या श्रोत्यांपुढे पाण्याचा इतिहास मांडणे अप्रस्तुत ठरणार नाही, असे मला वाटते. पाणी किती मिळते याची चर्चा आपण रोज करतो. मिळते ते पाणी निर्धोक आहे काय, आणि ते तसे आहे हे आपण कोणाच्या भरवशावर मानतो, या प्रश्नाकडे मी आज आपले लक्ष वेधू इच्छितो.

नंदुरबार हे खानदेशातील फार जुने नगर आहे. 1342च्या सुमारास इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी येथून गेला. येथील मराठे कारागिरीत, वैद्यकात आणि ज्योतिषात निपुण आहेत, भात, भाजी आणि तिळाचे तेल हा त्यांचा आहार आहे, आणि जेवणापूर्वी ते स्नान करून शुचिर्भूत होतात, अशी नोंद त्याने केली आहे. शुचितेविषयी आपले पूर्वज बेफिकीर नव्हते, याला परक्या माणसाची ही साक्ष आहे. परंतु ही शुचिता डोळ्यांना दिसणाऱ्या मळापुरती होती. पाणी निवळशंख दिसले, गोड लागले, वास आला नाही, की ते चांगले. आडाच्या काठावर उभी राहणारी गृहिणी स्वतःच परीक्षक होती. पाणी गढूळ झाले तर तुरटी फिरवी, फडक्याने गाळी, नाहीतर दुसरा आड शोधी.

पाणी दुरून आणून नगराला वाटण्याची विद्याही खानदेशाला नवी नाही. फारुकी सुलतानांची राजधानी असलेल्या बऱ्हाणपुरात 1615च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानान याच्या कारकिर्दीत, सातपुड्याच्या पायथ्याचे झरे जमिनीखालच्या बोगद्यातून शहरात आणण्यात आले. शंभराच्या आसपास कुंड्या एकमेकींशी जोडलेल्या, आणि पाणी केवळ उताराने वाहते. आजही तो कुंडी भंडारा पाहावयास मिळतो. झरा ते नगर या प्रवासात वरची घाण पाण्यात मिसळू द्यायची नाही, ही दृष्टी त्या रचनेत आहे. पुढे ही दृष्टी किती मोलाची होती, हे विज्ञानाने दाखवून दिले.

1854 साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो याने मेलेल्यांची घरे नकाशावर मांडली आणि बोट एका हातपंपाकडे दाखविले. त्या पंपाचे पाणी लोकांना आवडत असे, हे विशेष. 1884 साली रॉबर्ट कॉख याला पटकीचे जंतू कलकत्त्यातील एका तलावाच्या पाण्यात सापडले. 1892 साली एल्ब नदीकाठच्या हॅम्बुर्ग शहरात पटकीने आठ हजारांहून अधिक माणसे मेली. लगतचे आल्टोना त्याच नदीचे, तेही प्रवाहाच्या खालच्या बाजूचे पाणी पीत होते. पण ते वाळूतून गाळून घेत होते, म्हणून पुष्कळ अंशी वाचले. विसाव्या शतकाच्या आरंभी क्लोरीन आले. 1908 साली अमेरिकेतील जर्सी सिटीच्या पाण्यात ते नित्य मिसळले जाऊ लागले. जिभेचा आणि डोळ्यांचा निर्णय येथे संपला. पाणी चांगले की वाईट हे ठरवण्याचे काम गृहिणीच्या हातून निघून गाळणीवर, मात्रेवर आणि प्रयोगशाळेवर आले.

आपल्याकडे या कथेला आणखी एक पदर आहे. आड जातीजातींचे होते. 1868 साली जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. 1923 साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. तरीही 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, आणि त्या हक्काचा शेवटचा न्यायनिवाडा उच्च न्यायालयातून यायला 1937 साल उजाडले. नगरपालिकेच्या नळाला मात्र कोणाची जात कळत नाही. एकाच टाकीचे पाणी वाड्यातही जाते आणि झोपडीपुढच्या तोटीतही येते. सगळ्या गावाने एका भांड्यातून पाणी पिण्याचा हा आपल्या इतिहासातला पहिलाच प्रसंग होय.

आता आपल्या नगराकडे येऊ. नंदुरबारला नगरपालिका आली ती 1867 साली. 1998च्या 1 जुलैला धुळे जिल्ह्यातून नवा जिल्हा निघाला आणि नंदुरबार त्याचे मुख्य ठाणे झाले. 2011च्या जनगणनेत शहराची वस्ती 1,11,037 भरली. एवढ्या वस्तीला आडांचा आधार पुरणे शक्यच नव्हते. शिवण नदीवरचे विरचक धरण आणि आंबेबारा धरण हे आज शहराचे मुख्य आधार आहेत. धरणाचे पाणी तुरटीने निवळते, वाळूतून गाळले जाते, क्लोरीन घेते आणि टाकीत चढते. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ अशी आपली म्हण आहे. नळाच्या युगात ती उलटी विचारावी लागते: आडात आहे, शुद्धही आहे, पण पोहऱ्यात येईपर्यंत ते तसेच राहते काय?

महाराष्ट्रातील बहुतेक लहान शहरांत नळ दिवसाचे काही तासच चालतो, टंचाईत एका किंवा अनेक दिवसांआड. पाणी बंद झाले की नळी रिकामी होते. भरलेल्या नळीतून पाणी बाहेर झिरपते, तर रिकाम्या नळीत बाहेरचे आत शिरते. शेजारून गटार वाहत असेल आणि सांधा कुजलेला असेल, तर पुढे काय होते ते सांगावयास नको. त्यात पाणी येताच आपण नळाला मोटार लावतो. मोटार पुढच्या घराचे पाणी ओढते, एवढेच आपल्याला कळते. ती त्याच बळाने गटाराचे पाणीही नळीत ओढते, हे कळत नाही. जलशुद्धीकरण केंद्रावर कितीही चोख काम होवो, अखेरच्या शंभर हातांत त्यावर पाणी पडू शकते.

याहून कठीण धडा दिल्लीने दिला. 1955च्या पुरानंतर यमुनेचे पात्र सरकले आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी वजिराबादच्या उपशापर्यंत पोहोचले. कामगारांनी क्लोरीन वाढविले. विषमज्वर वाढला नाही, अतिसार वाढला नाही. पण दीड-दोन महिन्यांत सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. जंतू मेले, पण विषाणू तगला. तो विषाणू हेपॅटायटिस ई होता, हे विज्ञानाला पुढे 1980च्या दशकात उमगले. गर्भवती स्त्रियांना तो विशेष घातक असतो. तोच रोग 2012 साली आपल्या इचलकरंजीत साथीच्या रूपाने आला. म्हणजे क्लोरीन हा राखणदार आहे खरा, पण चोराला घरात घेऊन मग राखणदार नेमण्यात अर्थ नसतो. उगम राखला पाहिजे, गाळणी राखली पाहिजे आणि नळीही राखली पाहिजे.

उपाय अज्ञात नाहीत. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आय. एस. 10500, सांगते की 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही आढळता कामा नये आणि ग्राहकाच्या नळापाशी लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे. हे क्लोरीन पाहण्याची कसोटी इतकी सोपी आहे की शाळेतला मुलगाही ती करील: नमुन्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकावेत, पिवळी छटा आली तर क्लोरीन आहे. खेडोपाडी ग्रामपंचायतीचे कर्मचारी ती ‘ओ. टी.’ या नावाने ओळखतात. ही कसोटी टाकीजवळ करून भागत नाही. गावाच्या शेवटच्या गल्लीतील शेवटच्या तोटीवर ती झाली पाहिजे. आणि नळी सदैव भरलेली ठेवणे लहान गावाला अशक्य आहे, असेही नाही. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने घरोघरी मापक बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखविले आहे.

परंतु या सर्वांआधी एक धोका ओळखला पाहिजे. आज ज्याला परवडते तो घरात शुद्धीकरण यंत्र बसवितो किंवा विकतचा जार आणतो. त्याला दोष कोण देईल? मुलांच्या जिवाची काळजी कोणाला नसते? पण गावातला शिकलेला, तक्रार करू शकणारा, सभेत उभा राहून प्रश्न विचारू शकणारा माणूस नळापासून असा दूर झाला, म्हणजे नळापाशी उरतो तो रोजंदारीवर जाणारा, ज्याचे म्हणणे ऐकले जात नाही. मग शेवटच्या तोटीचा नमुना कोण मागणार? चवदार तळ्यावर जी पंगत मोडायला एवढा झगडा करावा लागला, ती पंगत आपण पैशाच्या रेषेवर पुन्हा मांडू लागलो आहो.

म्हणून माझी विनंती मोठ्या खर्चाची नाही. आपल्या वॉर्डातील नळाच्या पाण्याचा तपासणी अहवाल दरमहा चौकात लावावा, अशी मागणी नगरपालिकेकडे करावी. आपल्या नळाची मोटार काढावी. गळका सांधा दिसला तर तो आपल्या दारापुढचा नसला तरी कळवावा. आडाच्या काठी आपली आजी जे काम डोळ्यांनी करीत असे, ते आता आपण सर्वांनी मिळून करावयाचे आहे. घरात यंत्र असलेल्यांनी तर ते अधिक आवाज उठवून करावे, कारण त्यांच्या घरी कामाला येणारी बाई, तिची मुले आणि तिच्या गल्लीतली गर्भवती सून अजून नळाचेच पाणी पितात.