श्रवणातून आत्मनिवेदनाकडे

वाङ्मयीन प्रभावाचा विचार बहुधा वाचनाच्या संदर्भात केला जातो. शिऊरच्या संत बहिणाबाईंचे (१६२८-१७००) उदाहरण या गृहीताला छेद देते. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनांतून तुकारामांचे अभंग त्यांच्या कानी पडले, तेव्हा त्या बालवयातच होत्या. कवीच्या आधी कविता भेटली. गुरूपदेशही स्वप्नातच झाला. ब्राह्मण स्त्रीने शूद्र गणल्या गेलेल्या कवीला गुरू मानणे पतीला असह्य झाले. त्याने केलेल्या मारहाणीचा उल्लेख बहिणाबाईंच्या आत्मचरित्रपर अभंगांत येतो. पुढे विरोध मावळला आणि कुटुंब देहूला गेले.

तथापि हा प्रभाव अनुकरणात संपत नाही. तुकारामांच्या अभंगांतील आत्मपर स्वराला बहिणाबाई स्त्रीच्या संसारानुभवाचा आशय देतात. ‘वज्रसूची’ या संस्कृत ग्रंथाच्या मराठी रूपांतरातून ब्राह्मण्य जन्मावर ठरत नाही, हा विचार त्या मांडतात. त्याच वेळी पतिव्रताधर्माचे अभंगही रचतात. या दोन निष्ठांमधील ताण त्यांच्या कवितेत मिटत नाही आणि तिचे मोल तिथेच शोधावे लागते. आवडत्या कवीने वाट दाखवली. तीवरून चालण्याची किंमत मात्र बहिणाबाईंनाच मोजावी लागली.