दुसऱ्या शिवाजीचें बुद्धिमांद्य आणि मातुलकन्याविवाह

कन्नड तालुक्यांतील देवगाव रंगारी काय किंवा जेथील पाटिलकी भोसल्यांकडे होती तें वेरूळ काय, या मुलखांत मामाच्या मुलीशीं लग्न करण्याची चाल जुनीच आहे. बौधायनानें ती दक्षिणेचा आचार म्हणून नोंदली, कुमारिलानें तिला दूषण दिलें, व चौदाव्या शतकांत माधवाचार्यांनीं तिचें समर्थन केलें. तो धर्मनिर्णय आम्हांस येथें कर्तव्य नाहीं. अशा विवाहाचा संततीच्या बुद्धीवर परिणाम होतो काय, हा प्रश्न भोसल्यांच्याच वंशावळींत उभा राहतो, म्हणून हें टिपण.

राजाराम महाराजांच्या मातोश्री सोयराबाई या हंबीरराव मोहित्यांच्या भगिनी, व महाराणी ताराबाई या हंबीररावांच्या कन्या. अर्थात् महाराजांच्या मामेबहीण. त्यांचे पुत्र दुसरे शिवाजी (जन्म 1696) यांस कांहीं इतिहासलेखकांनीं मंदबुद्धि ठरविलें आहे. उलट, कागलकर घाटग्यांच्या राजसबाईंचे पुत्र संभाजी यांनीं 1714 पासून 1760 पर्यंत कोल्हापूरचें राज्य केलें. पिता एक, माता दोन. आनुवंशाच्या अभ्यासकास याहून सोयीचा दाखला कोणता मिळणार?

आम्हांस तो फारच सोयीचा वाटतो, आणि संशय येतो तो तेथेंच. हे शिवाजी 1700 सालीं चौथ्या वर्षीं गादीवर बसले. अठराव्या वर्षीं पन्हाळ्यावर कैदेंत पडले. कर्तृत्व दाखविण्यास त्यांस अवसर मिळाला केव्हां? गादीचा धनी मंदबुद्धि आहे, ही वार्ता शाहूच्या पक्षास जितकी उपयोगी तितकीच पन्हाळ्यावर राज्य पालटणारांसही. ग्रँट डफनें तर त्यांस 1712 सालींच देवीच्या रोगानें मारून टाकलें. वस्तुतः ते त्यानंतर बारा-चौदा वर्षें जिवंत होते. ज्यांच्या मरणाचें वर्ष धड ठाऊक नाहीं त्यांच्या बुद्धीचें माप आम्हीं कोणाच्या भरंवशावर घ्यावें?

आते-मामे भावंडांच्या अपत्यांत सरासरी सोळाव्या हिश्शाचीं जनुकें दोन्हीकडून एकच येतात. त्यामुळें घराण्यांत दडलेला दोष उघड होण्याचा संभव वाढतो, व त्यांत बुद्धीचे दोषही येतात. तथापि, जन्मजात व्यंगाचा धोका एरवीं शेंकडा दोन-तीन असतो, त्यांत साधारण तितकीच भर पडते. बहुसंख्य मुलें निर्दोषच निपजतात. तेव्हां एका राजपुत्रावरून कांहींच ठरत नाहीं.

ठरवावयाचें तर शेंकडों वंशावळी पाहिजेत. परंतु आमच्या वंशावळी पुरुषांच्या. त्यांत बहुधा स्त्रियांचीं माहेरें नाहींत, अल्पवयांत वारलेलीं मुलें नाहींत, आणि वेडें-मुकें लेकरूं तर बहुधा मुद्दाम गाळलेलें. देवगाव रंगारीच्या आसपास ज्यांच्या घरीं जुनीं दप्तरें आहेत त्यांनीं लग्नाच्या याद्या, आहेराचे जमाखर्च व वाटणीपत्रें रद्दी समजून टाकूं नयेत; नवरीचें माहेर सांपडलें तर तें त्यांतच सांपडेल.